समुद्रातले आयोडीन

मिठाच्या पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ असा शब्द असतो. आता तो तुम्हांला वाचता येतो. परवा तो वाचून एका मावशींनी मला विचारले, “गुरुजी, मीठ समुद्राचंच ना? आयोडीनही समुद्रात असतं म्हणता. मग ते वरून कशाला घालायचं?” प्रश्न मोठा चांगला आहे. आज त्याचेच उत्तर पाहू.

आयोडीन पहिल्याने सापडले ते समुद्राच्या शेवाळात. १८११ साली फ्रान्समध्ये बेर्नार कूर्त्वा नावाचे गृहस्थ शेवाळाच्या राखेपासून सोरा काढीत होते. राखेत गंधकाचे तेजाब जास्त पडले. त्याबरोबर जांभळी वाफ वर आली. तेच हे आयोडीन.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते असते किती? एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा. त्यांतले सुमारे ६० भाग. बस्स, एवढेच! तेही दोन रूपांत. एक आयोडेट आणि दुसरे आयोडाइड. आयोडेटमध्ये आयोडीनला प्राणवायू जोडलेला असतो, आयोडाइडमध्ये तो नसतो. खोल पाण्यात जवळजवळ सगळे आयोडेटच असते. पण वरच्या, उन्हाच्या पाण्यात आयोडाइडही पुष्कळ. उष्ण प्रदेशांत ते निम्म्याच्या आसपासही जाते.

हा बदल करतो कोण? त्यात मोठा हात आहे सूक्ष्म शेवाळाचा. हे शेवाळ खडकावरचे नव्हे. याची एकेक वनस्पती म्हणजे एकच पेशी. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. पण समुद्रातल्या मासळीचा मूळ चारा तोच. शास्त्रज्ञांनी हे शेवाळ समुद्राच्या पाण्यात वाढवून पाहिले. दिवस गेले तसतसे पाण्यातले आयोडेट कमी झाले आणि आयोडाइड वाढले. काही जाती हे काम जोमाने वाढत असताना करतात. काहींत पेशी म्हाताऱ्या होऊन फुटू लागल्या, की बदल अधिक दिसतो. आयोडाइडचे पुन्हा आयोडेट व्हायला मात्र फार वेळ लागतो. म्हणून ते वर साठून राहते.

याचा आपल्याशी काय संबंध? ऐका. हवेत ओझोन नावाचा वायू असतो. तो समुद्राला लागला, की वरच्या आयोडाइडशी त्याची क्रिया होते. त्यातून आयोडीन हवेत जाते. वाऱ्याबरोबर ते जमिनीकडे येते आणि पावसाबरोबर मातीत उतरते. मातीतून पिकात, पिकातून आपल्या पोटात.

पण डोंगराळ भागात, पुराच्या भागात माती धुऊन जाते. तिच्याबरोबर आयोडीनही जाते. मग गळ्याला गाठ येते, तिला गलगंड म्हणतात. पोटातल्या बाळाला आयोडीन फार कमी पडले, तर त्याच्या बुद्धीची वाढच खुंटते. हे नुकसान मागून भरून निघत नाही.

हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात गलगंड पुष्कळ होता. तिथे १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठाचा प्रयोग सुरू केला. एका भागाला आयोडाइडचे मीठ, एकाला आयोडेटचे, एकाला साधे. काही वर्षांत पहिल्या दोन्ही भागांत गलगंड खूप कमी झाला. समुद्रातली दोन्ही रूपे शरीराला चालतात, हे तिथे दिसले. आपल्या मिठात आज आयोडेट घालतात, कारण दमट हवेत ते जास्त टिकते.

आता मावशींचा हिशेब करू. लिटरभर समुद्राच्या पाण्यात मीठ सुमारे ३५ ग्रॅम आणि आयोडीन ६० भाग. म्हणजे १० ग्रॅम मिठाच्या वाट्याला जेमतेम १७ भाग. मोठ्या माणसाला रोज लागतात १५० भाग, गरोदर बाईला त्याहून जास्त. शिवाय मिठागरात मीठ जमते, तेव्हा बरेचसे आयोडीन मागे उरलेल्या कडू पाण्यातच राहते. मग साध्या खड्या मिठाने भागेल कसे?

तेव्हा मंडळी, पुडी घेताना तो शब्द वाचून घ्या. मीठ झाकणाच्या बरणीत ठेवा, ओल आणि ऊन लागू देऊ नका. मीठ जास्त खाऊ नका, पण खाल ते आयोडीनचेच खा. वाचता येऊ लागले, त्याचा हा एक उपयोग.