कोंबडी पेंगायला लागली तर

आपल्यातल्या कितीजणी बचतीचा हप्ता अंड्यांच्या पैशातूनच भरतो. म्हणून कोंबडी पंख पाडून पेंगायला लागली, की आम्ही गटातल्या बाया आधी तिला वेगळ्या डालग्याखाली ठेवतो. दाणा-पाणीही वेगळं. मग विष्ठा बघतो. हिरवट-पांढरी हगवण, श्वासाला घरघर, मान वाकडी, असं दिसलं तर मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा संशय धरतो आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवतो.

या रोगाला औषध नाही, लस आहे. 5 ते 7 दिवसांच्या पिल्लाला लासोटाचा थेंब, 8 आठवड्यांनी आर-टू-बीची सुई. लस निरोगी कोंबडीलाच टोचायची.

आजारी कोंबडी स्वस्तात बाजारात काढू नका. चार पैसे सुटतील, पण दुसऱ्या बाईचं खुराडं रिकामं होईल.