‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मंडळाने मला बोलावयास सांगितले, आणि विषयही असा दिला की तो आपणा सर्वांच्या आरशापुढच्या फळीवरच मांडलेला आहे. क्रीम, टिकली, मेंदी, उटणे! अंगाला लावावयाच्या या वस्तू निवडाव्या कशा, एवढेच मी सांगणार आहे.

हल्ली दुकानात जावे, तर डबीडबीवर हिरवे पान छापलेले असते आणि त्याखाली ‘नैसर्गिक’ हा शब्द. पान दिसले की आपला हात पुढे होतो. पण भगिनींनो, बिब्बासुद्धा नैसर्गिकच आहे! त्याचे तेल कातडीला लागले तर कसे फोड येतात, हे आपल्या आजीला पक्के ठाऊक होते. लिंबू तर रोजच्या जेवणातले. परंतु त्याचा रस तोंडाला लावून उन्हात गेले, तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. तेव्हा वस्तू झाडाची की कारखान्यातली, हा पहिला प्रश्न नव्हे. तिच्यात काय आहे, ती कोणी केली, आणि माझ्या त्वचेला ती मानवते का, हे तीन प्रश्न आपण विचारावयाचे.

पहिला प्रश्न, तिच्यात काय आहे? मेंदीचेच पाहा. मेंदीच्या पाल्याचा खरा रंग नारिंगी-तांबडा, आणि तो चढावयास काही तास लागतात. जी मेंदी थोड्याच वेळात हात काळेकुळकुळीत करते, तिच्यात बहुधा केस काळे करण्याच्या कलपातले रसायन असते. त्याचे नाव पॅराफेनिलिनडायअमाइन. त्याने काहींच्या हातावर नक्षीबरहुकूम फोड उठतात. आणि एकदा ते बाधले की पुढे साधा कलपही सोसत नाही. टिकलीचे तसेच. काही टिकल्यांच्या डिंकात असे एक रसायन असते की ज्याने कपाळावर पांढरा डाग पडतो. टिकलीखाली खाज सुटली किंवा रंग फिका वाटला, तर ती टिकली त्याच दिवशी बंद करावी आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.

दुसरा प्रश्न, वस्तू कोणी केली? डबी उलटी करून वाचावी. करणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख आणि घटकांची यादी, एवढे तिच्यावर असलेच पाहिजे. नसेल, तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

हे मी कळकळीने सांगते, त्याला कारण आहे. गोरे करणाऱ्या काही क्रीमांत पारा असतो. पारा त्वचेतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा लवकर उजळतो. परंतु तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांवर घाव घालतो. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातल्या मूत्रपिंडाच्या एका विकाराच्या २२ रुग्णांची हकीकत २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी १५ जणांत या विकाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे होण्याची क्रीमे लावीत होते! समाधान एवढेच, की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांना उतार पडला. आपल्या देशाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे अशा क्रीमांत पारा घालण्यास बंदी आहे. तरीही बिनपत्त्याच्या डब्या हातोहात विकल्या जातात. त्यांच्यावर पाऱ्याचे नाव बहुधा नसतेच. एक खूण मात्र ध्यानात ठेवा. ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये’ अशी सूचना असेल, तर पाऱ्याचा संशय घ्यावा. पारा सोन्याला धरतो, हे कोणीही सोनार सांगेल. आणि आई लावते ते क्रीम तिच्या हातातून, टॉवेलातून तान्ह्या लेकरालाही लागते, हे विसरू नये.

औषधांच्या दुकानातल्या स्टिरॉइडच्या मलमांचेही असेच. शेजारणीला गुण आला म्हणून आपण ती चेहऱ्याला लावतो. पहिले काही दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो. मग कातडी पातळ व लाल होते, मुरुमे येतात, नको तेथे लव वाढते. म्हणूनच २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकावयास मनाई केली. शेजारणीचा सल्ला भाजीच्या फोडणीपुरता घ्यावा, मलमापुरता नव्हे!

तिसरा प्रश्न, मला मानवते का? नवी वस्तू एकदम तोंडाला फासू नये. कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाएवढ्या जागी ती दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहावी. धुवून टाकावयाची वस्तू असेल, तर नेहमीइतकाच वेळ ठेवावी. लाली, खाज, आग यांपैकी काही झाले, तर ती वस्तू आपली नव्हे. घरचे उटणेही असेच पारखून घ्यावे.

आता मनातले बोलते. पाऱ्याची डबी मुलगी हौसेने विकत घेत नाही. ‘जरा उजळ असती तर बरे झाले असते’, हे वाक्य तिने आपल्याच माजघरात ऐकलेले असते. बाजाराला नावे ठेवण्याआधी ते वाक्य आपल्या घरातून हद्दपार केले पाहिजे. सावळ्या विठ्ठलापुढे हात जोडायचे आणि सावळ्या लेकीपुढे कपाळाला आठी घालायची, हे आपल्याला शोभत नाही.

शेवटी एक सूचना मंडळापुढे ठेवते. यंदा दिवाळीपूर्वी मंडळात उटण्याचा एक वर्ग भरवावा. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, मसुरीचे पीठ असे साहित्य ओळखीच्या दुकानातून अख्खे आणावे, निवडावे, उन्हात वाळवावे आणि तेथेच दळून घ्यावे. घरी नेताना प्रत्येकीने पुडीवर घटक आणि तारीख लिहावी. त्याच दिवशी आपापल्या घरच्या डब्याही आणाव्या आणि चष्मा लावून एकत्र वाचून पाहाव्या. ज्या डबीवर पत्ता नाही, ती पुन्हा घरी नेऊ नये.