भयपटाच्या पोस्टरवरील अक्षर

विद्यार्थ्यांच्या भयपटाचे पोस्टर करताना फॉन्ट, म्हणजे एकाच वळणाचा अक्षरसंच, बहुधा रक्त ठिबकणारा निवडला जातो, आणि तेथे भीतीऐवजी हसूच येते.

याउलट, १९७९ च्या ‘एलियन’ या चित्रपटाच्या आरंभी नावाच्या सुट्या रेघा एकेक करून उमटतात,
साधी, दूरदूर ठेवलेली अक्षरे सावकाश पूर्ण होतात,
आणि तोवर प्रेक्षक अस्वस्थ राहतो.

देवनागरीत असा खेळ शिरोरेषेशी, म्हणजे अक्षरांवरील आडव्या रेघेशी, करता येतो. पण नाव वाचता आले पाहिजे.
‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतील भेद बराचसा याच रेघेतील खंडावर अवलंबून असल्याने, ती भलत्या जागी तोडली तर ‘घर’चे ‘धर’ होते, आणि उगाच झिजवलेला अनुस्वार तर दिसतच नाही.

पुन्हा सांगायचे तर, नाव आधी वाचता आले पाहिजे.

श्रेयनामावलीसाठी मात्र ‘एक टाईप’ या अक्षररचना संस्थेचा ‘मुक्त’ यासारखा शांत, खुल्या परवान्याचा, म्हणजे विनाशुल्क वापरता येणारा फॉन्ट पुरतो, आणि छपाईपूर्वी पोस्टर मोबाइलच्या पडद्यावर लहान करून, जोडाक्षरे फुटलेली नाहीत ना, हे तपासणे इष्ट ठरते.