माळ्यावरच्या संगणकातली गाणी

राजगडला निघालेली मंडळी वेल्ह्याच्या एसटीनं मार्गासनीला येतात आणि साखरवरून गुंजवण्याची वाट धरतात. त्या मार्गासनीतल्या आमच्या घरी माळ्यावर एक संगणक पडून होता. २००८ साली घेतलेला, एक जीबी मेमरीचा. सुरू केला की विंडोजचं चिन्ह येई आणि तिथंच अडकून बसे. दुरुस्तीवाला म्हणाला, "भंगारात द्या." देणार कसा? आईची जात्यावरची गाणी मी त्यात टाइप करून ठेवली होती. वही पावसात भिजून गेली, पुढं आईही गेली. उरलं ते या डब्यात.

शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "चाचा, आधी काही पुसायचं नाही." त्यानं पेनड्राइव्हवर लिनक्स आणलं. त्याचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये लिहायला घेतला आणि जगभरच्या लोकांनी वाढवला. ते फुकट मिळतं, दुसऱ्याला देता येतं. पेनड्राइव्हवरूनच चालत असल्यानं डिस्कला धक्का लागला नाही.

वायफाय मात्र लागेना. जुन्या कार्डाचं फर्मवेअर वेगळं आणावं लागतं. मोबाइल वायरीनं जोडून त्याच्या इंटरनेटवरून ते उतरवलं.

फाइल उघडली, तर इंग्रजी अक्षरांचा नुसता खिचडा! जुन्या मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवलेले असत. फाँट नसेल तर मजकूर वाचता येत नाही. तो फाँट जुन्या डिस्कवरच सापडला. लिनक्सच्या फाँटांच्या फोल्डरमध्ये टाकला, आणि पडद्यावर आईच्या ओळी आल्या. मी काही वेळ बोललोच नाही.

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळं बरीच यंत्रं अडगळीत जातील. टाकण्याआधी एवढं करा. पहिलं, फाइलींची प्रत काढा. दुसरं, यंत्र ३२ बिटचं की ६४ बिटचं ते बघा. २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ जुन्या ३२ बिट यंत्रांवर नव्यानं बसवता येत नाही, त्यांना डेबियन १२ घ्यावं. तिसरं, एलएक्सडीईसारखा हलका डेस्कटॉप निवडा. एक जीबीत इंटरनेट रडतखडतच चालतं, पण लिहिणं-वाचणं उत्तम होतं.

आता रोज रात्री मी ती गाणी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करतो, म्हणजे कुठल्याही यंत्रावर ती वाचता येतील. आणि या वेळी तीन प्रती ठेवल्यात. एक त्या मुलाकडं.