'रानटी' या विशेषणाची कुळकथा

इंग्रजींत 'सॅव्हेज' म्हणून एक विशेषण आहे. शाळेंत त्याचा अर्थ 'रानटी' असा सांगतात; आणि सहसा न घडणारी गोष्ट येथें घडते, ती ही कीं, भाषांतर मुळासकट जुळतें. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजींत आला. त्याच्या मुळाशीं लॅटिन 'सिल्वा', म्हणजे अरण्य. रानांतला तो रानटी, तसा 'सिल्वां'तला तो सॅव्हेज. फ्रेंच भाषेंत रानफुलाला आजहि हेंच विशेषण लागतें व त्यांत निंदा नसते. इंग्रजींत मात्र तें चवताळलेल्या कुत्र्याला, क्रूर हल्ल्याला, जहरी टीकेला लागूं लागलें. (हल्लींचीं मुलें खोचक उत्तर देणाऱ्यास कौतुकानें 'सॅव्हेज' म्हणतात, तो प्रकार निराळा!)

याच्या उलट 'सिव्हिल'. त्याचें मूळ 'सिव्हिस', म्हणजे नागरिक. मराठींतहि नगरांतला तो नागर, सभेंत शोभणारा तो सभ्य, आणि गांवांतला बिचारा गांवढळ! शब्द घडविणारे कोठें राहत होते, हें वेगळें सांगावयास नको. देशावरचा शेतकरी मात्र 'रानांत जातों' म्हणतो, तेव्हां तो आपल्या शेतावर निघालेला असतो. आणि करवंदांना 'रानमेवा' म्हणतांना शहरी जिभेलाहि पाणी सुटतें.

मुंबईच्या उपनगरांतील दिंडोशीस हीं दोन विशेषणें शेजारीं शेजारीं नांदतात. तेथें शहर दिवाणी न्यायालयाची शाखा आहे. 'दिवाणी' म्हणजे इंग्रजींतील हेंच 'सिव्हिल'. पलीकडे पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें अरण्य. त्या अरण्यांत व लगतच्या आरे भागांत वारली व इतर आदिवासींचे पाडे आहेत. बिबट्याच्या वाटेवर राहून हे लोक वाघोबाला पूजतात. लग्नांत भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक रेखण्याची वारल्यांची रीत. त्याच समाजांतील डहाणूकडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. १८७७ सालीं मॉर्गन या अमेरिकन पंडितानें मनुष्यजातीच्या रानटी, अर्धरानटी व सुधारलेली अशा तीन पायऱ्या लाविल्या आणि लिपी ही वरच्या पायरीची खूण ठरविली. भिंती बोलत्या करणारा पण अक्षर न गिरविणारा समाज त्या मापानें खालींच राहिला.

पाड्यावरच्या मुलानें वर्गांत दंगा केला, तर त्यास दांडगा म्हणावें, उर्मट म्हणावें. 'रानटी' म्हटलें कीं शिवी त्याच्या घराला लागते. शहरांत हें विशेषण सर्वांत अधिक ऐकूं येतें तें लोकलच्या दाराशीं. तेथें दुसऱ्यास कोपरानें ढकलून आंत शिरणारा गृहस्थ 'रानटी' ठरतो. तो बहुधा रानांत कधीं गेलेलाहि नसतो.