इतिहासाच्या पायांखालची भूमि

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकांत इतिहास आणि भूगोल हे शेजारी राहतात. परंतु या शेजाऱ्यांचें जाणें-येणें बहुधा नसतें. सोमवारीं मुलगा सह्याद्रीच्या रांगा पाठ करितो, मंगळवारीं प्रतापगडचा प्रसंग पाठ करितो; पण तो प्रसंग त्याच रांगांमध्यें घडला, हें त्याच्या मनांत कोठेंच जुळत नाहीं. महाराष्ट्रांतील मुलांच्या कित्येक पिढ्या तिसरीला आपल्या जिल्ह्याचा भूगोल व चौथीला शिवचरित्र शिकत आल्या. २००५ सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानें तिसरी ते पांचवीपर्यंत परिसर अभ्यास हा एकच विषय मानला; तरीहि येथें चौथीचा भूगोल एका पुस्तकांत व शिवचरित्र दुसऱ्या पुस्तकांत, असें बरींच वर्षें चाललें. म्हणजे नांव एक झालें, भिंत उभीच राहिली.

या भिंतीमुळें मुलाचें काय हरवतें? सन हरवत नाहीं, पराक्रमहि हरवत नाहीं. हरवतें तें कारण. १० नोव्हेंबर १६५९ ही तारीख बिनचूक सांगणाऱ्या मुलाला एकच प्रश्न विचारून पाहावा: अफझलखानाची भेट प्रतापगडाखालींच कां झाली, वाईच्या सपाटीवर कां नाहीं? याचें उत्तर इतिहासाच्या धड्यांत अर्धें आहे आणि भूगोलाच्या धड्यांत अर्धें.

तें पुरें करण्यास मोठें साहित्य लागत नाहीं. शाळेच्या अंगणांत ओल्या मातीचा सह्याद्रि करावा. कोंकणाची बाजू उभ्या कड्यांची, देशाची बाजू उतरत गेलेली. महाबळेश्वरच्या जागीं तांब्याभर पाणी ओतावें. सावित्री पश्चिमेस समुद्राकडे धांवते. कृष्णा वाईवरून पूर्वेकडे वळते. कोयना डोंगरांच्या कुशींतून दक्षिणेस जाऊन कऱ्हाडला कृष्णेस मिळते. त्या कोयनेच्या खोऱ्यांत जावळीचें रान दाखवावें आणि घाटवाटेवर नजर ठेवणारा, १६५६ सालीं जावळी घेतल्यावर बांधावयास काढलेला प्रतापगड एका खड्यानें मांडावा. मग खानाचे घोडे, हत्ती, उंट व तोफा वाईहून या खोऱ्यांत उतरवण्यास मुलांनाच सांगावें. मैदानांत जें सैन्याचें बळ, तेंच या अरुंद वाटांवर ओझें होतें, हें त्यांचीं बोटेंच त्यांना सांगतील.

येथें एक सावधगिरी मात्र अवश्य हवी. सर्व कांहीं डोंगरांनीं केलें, असा समज मुलांचा होऊं देऊं नये. तेच डोंगर, तेंच रान चंद्रराव मोऱ्यांपाशींहि होतें, तरी जावळी त्यांच्या हातून गेली. अफझलखान तर पूर्वीं वाईचा सुभेदार होता. हा मुलूख त्याला अपरिचित नव्हता. भूमि संधि देते, निर्णय माणूस करितो. त्याच महिन्याच्या २८ तारखेस पन्हाळा हातीं आला, तो कांहीं डोंगर चालून गेला म्हणून नव्हे. नकाशावर प्रतापगड ते पन्हाळा हें अंतर मोजून मुलांनीं दिवस मोजले, म्हणजे या हालचालीचा वेग त्यांना आपोआप उमगेल.

ही दृष्टि शिवचरित्रापुरती नाहीं. मुंबईच्या मुलाला धोबी तलावाला तलाव कां म्हणतात, असें विचारतां बुजविलेल्या पाण्याचा इतिहास हातीं लागतो. सात बेटांचें एक शहर कसें झालें, हा इतिहासाचा प्रश्न कीं भूगोलाचा, हें ठरविण्याची मग त्याला गरजच वाटत नाहीं.

घरोघरीं पालकांनीं एवढें जरी केलें, कीं इतिहासाचें पुस्तक उघडतांना शेजारीं नकाशा उघडावा, तरी पुष्कळ साधेल. 'कधीं' या प्रश्नाशेजारीं 'कोठें' हा प्रश्न बसला, कीं तिसरा प्रश्न मूल आपण होऊन विचारतें. तो म्हणजे 'कां'. शिक्षणाचा आरंभ या तिसऱ्या प्रश्नापासून होतो.