विस्मरणामागील विषाणू



एच.आय.व्ही.बाधित व्यक्ती औषधाची वेळ विसरते, हिशेबात चुकते, कामात मंदावते. तेव्हा घरचे लोक तिला निष्काळजी ठरवितात. परंतु हा दोष नेहमीच स्वभावाचा नसतो.

संसर्गानंतर काही आठवड्यांतच हा विषाणू मेंदूत पोहोचू शकतो. रक्तातील पांढऱ्या पेशीच त्याला तेथवर वाहून नेतात. तो चेतापेशींना सहसा थेट ग्रासत नाही. मेंदूतील संरक्षक पेशींत ठाण मांडतो. त्या उत्तेजित होऊन दाहकारक द्रव्ये सोडतात आणि त्यांमुळे चेतापेशींची हानी होते. पहारेकऱ्यानेच घर जाळावे, तसा हा प्रकार!

१९९६ पासून संयुक्त औषधोपचार रूढ झाला व तीव्र स्मृतिभ्रंश विरळ झाला. सौम्य दोष मात्र काही रुग्णांत उरतो. कारण विषाणू आटोक्यात आला, तरी पेशींचा क्षोभ पूर्णपणे शमतोच असे नाही. विस्मरणाने गोळी चुकते, गोळी चुकल्याने विषाणू पुन्हा बळावतो.

हे चक्र तोडणे शक्य आहे. शासकीय केंद्रांतून २००४ पासून मोफत औषधे मिळू लागली. २०१७ च्या कायद्याने भेदभावास मनाई केली. घरच्यांनी गोळीची आठवण द्यावी, विसराळूपणा डॉक्टरांच्या कानी घालावा. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी रुग्णाचे गुपित राखून त्याला धीर द्यावा. दूषण नव्हे, आधार हेच येथे खरे साहाय्य होय.